आमचा कढीपत्ता वाढत का नाही?



संक्रांतीचं हळदीकुंकू असो की गणपतीचं जेवण, पानाच्या रांगेत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, ग्रीन कार्डाचं कुठवर आलं? दुसरा, तुमचा कढीपत्ता कसा आहे? पहिल्यावर आम्ही काय बोलणार! दुसऱ्यावर मात्र काही वर्षं रोपं वाढवून आणि (खरं सांगायचं तर) दोन-तीन मारून जे समजलं, ते एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. तक्रार बहुतेकांची एकच असते. रोप मरत नाही, पण वाढतही नाही. दोन वर्षांपूर्वी वीतभर होतं, आजही वीतभरच आहे. फोडणीला चार पानं तोडायची म्हणजे जिवावर येतं.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे सवयीनं आधी कोड बदलून पाहतो आणि मग एरर वाचतो. कढीपत्त्याच्या बाबतीतही आम्ही तेच केलं. वाढत नाही ना, मग घाल खत, घाल ताक, घाल पाणी, बदल कुंडी. यातल्या प्रत्येक उपायानं रोप आणखी मागे गेलं. आमचा अनुभव असा की अमेरिकेत घरात खुंटलेलं रोप बहुतेक वेळा उपाशी नसतं, ते थांबलेलं असतं. ते का थांबलंय हे कळेपर्यंत त्याला काहीही खायला घालू नये.

आधी एक खात्री

नर्सरीत 'करी प्लांट' या नावानं एक चंदेरी, सुईसारख्या पानांचं छोटं झुडूप मिळतं. हात लावला की मसाल्यासारखा वास येतो, म्हणून आपले लोक हौसेनं घेऊन येतात. ते हेलिक्रायसम, म्हणजे भूमध्य समुद्राकडचं वेगळंच झुडूप. आपल्या कढीपत्त्याशी त्याचं काही नातं नाही. आपलं झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. शास्त्रीय नाव पूर्वी मुराया कोएनिगी होतं, आता बर्गेरा कोएनिगी म्हणतात. हे लिंबाचं नातं लक्षात ठेवा, पुढे फार महत्त्वाचं आहे.

दुसरी गंमत म्हणजे दुकानातून आणलेल्या पाकिटातली 'काडी' पाण्यात ठेवून मुळांची वाट पाहणं. आम्ही महिनाभर पाहिली. ती काडी फांदी नसतेच. तिच्यावरची सगळी पानं मिळून वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकच संयुक्त पान होतं, आणि ती काडी म्हणजे त्या पानाचा देठ. त्याला मुळं फुटून झाड होत नाही. बी लावायचं तर ते ताजंच हवं. काळ्या पिकलेल्या फळाचा गर धुऊन लगेच पेरावं लागतं, वाळलेलं बी काही आठवड्यांतच निकामी होतं.

इथले विकणारे साधारण तीन प्रकार सांगतात: नेहमीचा, बुटका आणि गामठी. गामठीची पानं जाड, वास जास्त, आणि वाढ मुळातच सावकाश. तुमचं रोप गामठी असेल तर शेजाऱ्याच्या झाडाशी त्याची तुलना करू नका.

थांबलंय की आजारी आहे?

निदानातला हा सगळ्यात मोठा भाग, म्हणून जरा सविस्तर.

कढीपत्ता उष्ण प्रदेशातला आहे. हवा साधारण ५० अंश फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) खाली गेली की त्याची वाढ थांबते. पानं पिवळी पडून गळतात आणि झाड काही महिने नुसती काठी होऊन बसतं. पुण्या-मुंबईत वाढलेल्या आपल्या डोळ्यांनी हे कधी पाहिलेलंच नसतं. तिथे २१ डिसेंबरलाही दिवस जवळजवळ ११ तासांचा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत त्या दिवशी उजेड सव्वानऊ तास, सूर्याची उंची जेमतेम २६ अंश, आणि तोही ढग नसतील तर. त्यात झाड खिडकीपासून चार फूट आत, सोफ्याच्या कोपऱ्यात. आपल्या डोळ्यांना तो कोपरा उजेडाचा वाटतो, झाडाला मात्र तिथे संध्याकाळ असते.

तेव्हा पहिला प्रश्न, रोप कधीपासून थांबलंय? ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून थांबलं असेल आणि पानं खालून गळत असतील, तर बहुधा हा आजार नसून हिवाळा आहे. मे-जूनमध्ये, बाहेर उन्हात ठेवूनही थांबलेलं असेल, तर मात्र पुढचे भाग वाचावेत.

झाड जिवंत आहे का हे पाहण्याची चाचणी अगदी सोपी. खोडाची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं की जीव आहे. वरचा शेंडा सुकला असेल तर हळूहळू खाली खरवडत या, कुठेतरी हिरवं लागतंच. पूर्ण तपकिरी, कोरडं खोड बुंध्यापर्यंत असेल तरीही मुळांतून पुन्हा फुटवा येऊ शकतो.

ही चाचणी आम्हाला उशिरा कळली. आमचं पहिलं झाड एका काकूंनी कायमचं भारतात परत जाताना दिलं होतं, चांगलं कमरेएवढं. पहिल्याच हिवाळ्यात सगळी पानं गेली. मार्चपर्यंत वाट पाहिली आणि मग कचऱ्याच्या पिशवीत मावावं म्हणून खोड मोडलं. आत हिरवंगार होतं. त्या काकूंचा फोन आला की अजूनही झाडाचा विषय आम्ही टाळतो. म्हणून सांगतो, मे संपेपर्यंत कुठलंही कढीपत्त्याचं झाड टाकू नका.

हिवाळ्यात दोन रस्ते आहेत आणि त्यातला एकच निवडावा. पहिला, झाडाला झोपू द्या. ५० ते ६० अंशांच्या थंड पण गोठणार नाही अशा खोलीत ठेवा, खत पूर्ण बंद, आणि पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, माती चांगली सुकल्यावर, थोडंसंच. दुसरा, झाडाला जागं ठेवा. दक्षिणेच्या खिडकीत, तापमान दिवसा ७० च्या आसपास, आणि वर एलईडी ग्रो लाइट, शेंड्यापासून सहा ते बारा इंचांवर, टायमर लावून रोज बारा-चौदा तास. नुकसान होतं ते अर्ध्या-अर्ध्या मार्गानं: उबदार खोली, अंधारा कोपरा आणि जागं झाड समजून भरपूर पाणी. मग पांढुरके, लांबट, अशक्त कोंब येतात आणि ओल्या मातीत मुळं कुजतात.

आणखी एक मोजमाप करून पाहा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर रात्री कुंडीच्या मातीत खोचा. आमच्या घरात हवा ७० अंश दाखवत होती, पण टाइल्सवर खिडकीखाली ठेवलेल्या कुंडीत माती पंचावन्नच्या जवळ निघाली. पान उबेत आणि मुळं गारठ्यात असली तर मुळं पाणी ओढत नाहीत. कुंडी नुसती लाकडी स्टुलावर उचलून ठेवल्यानं आमच्या झाडात फरक पडला.

खरा 'रूट' कॉज

मुळांकडे पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. वसंत ऋतूत एकदा रोप कुंडीतून अलगद बाहेर काढून पाहायला हरकत नाही. निरोगी मुळं फिकट आणि कडक असतात. काळपट, मऊ आणि कुबट वासाची असतील तर पाणी जास्त झालं आहे. कुजलेला भाग कात्रीनं काढा, कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि वरच्या फांद्याही थोड्या कमी करा, कारण उरलेल्या मुळांना तेवढा भार झेपत नाही.

मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली दिसली तर जागा संपली आहे. तरीही एकदम मोठी कुंडी घेऊ नका. मोह होतो, आम्हालाही झाला. सहा इंचांच्या कुंडीतलं रोप आम्ही चौदा इंचांच्या कुंडीत लावलं, म्हणजे लवकर मोठं होईल! मुळं पोचली नव्हती त्या मातीतलं पाणी कुणीच प्यायलं नाही, ती आठवडेच्या आठवडे ओली राहिली आणि रोप पूर्वीपेक्षा खुंटलं. एका वेळी व्यासात दोन इंच वाढ पुरते. कुंडीला खाली भोकं हवीतच. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत साचलेलं पाणी दर वेळी ओतून टाकावं.

उलटाही प्रकार होतो. इथल्या तयार पॉटिंग मिक्समध्ये बरंचसं पीट असतं. ते एकदा खडखडीत सुकलं की पाणी धरतच नाही. वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून खाली येतं, आपल्याला वाटतं भरपूर झालं, आणि मुळांचा गड्डा आत कोरडाच. अशा वेळी कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावी. कुंडी उचलून वजनावरून अंदाज घेण्याची सवय लावा, बोट खुपसून पाहण्यापेक्षा ती जास्त भरवशाची. नवं मिश्रण करताना दोन भाग पॉटिंग मिक्स आणि एक भाग पर्लाइट एवढं आम्हाला पुरतं. अंगणातली माती कुंडीत भरू नका, ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

पानांचा रंग वाचणे

मुळं ठीक, ऊन ठीक, ऋतू वाढीचा, आणि तरीही रोप खुंटलेलं: आता कुठे खताचा विचार करायचा. कुठली पानं पिवळी आहेत ते पाहा.

खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. फिश इमल्शनसारखं ५-१-१ प्रमाणाचं किंवा कुठलंही नत्र जास्त असलेलं द्रवखत, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीनं, दोन-तीन आठवड्यांनी. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. गॅलनभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट एकदा देऊन पाहावं. पानांची टोकं करपून तपकिरी झाली असतील तर उलट खत जास्त झालंय. तेव्हा खत बंद करा आणि साधं पाणी भरपूर घालून खालून वाहू द्या.

इथे सगळ्यात जास्त दिसतो तो तिसराच प्रकार. कोवळी, शेंड्याची पानं फिकट पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. मातीत लोह नसतं असं नाही, पण माती अल्कधर्मी झाली की ते मुळांना घेता येत नाही. कढीपत्त्याला किंचित आम्ल माती आवडते, पीएच सहा ते साडेसहा. टेक्सास, ॲरिझोना आणि मिडवेस्टच्या बऱ्याच भागांत नळाचं पाणी कठीण असतं. वर्षभर तेच घातलं की पीएच चढत जातो आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो. घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर आणखी जपा, कारण त्यातल्या बहुतेकांत चुन्याच्या जागी सोडियम येतं आणि झाडाला ते मुळीच मानवत नाही. अशा घरांनी सॉफ्टनरच्या आधीच्या, बाहेरच्या नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं. आम्ही हिवाळ्यात बादलीत बर्फ भरून घरात वितळवतो. फुकट आणि मऊ पाणी. फक्त खोलीच्या तापमानाला आल्यावर घाला.

औषध म्हणून चिलेटेड आयर्न मिळतं. डब्यावर ईडीटीए असेल तर ते आम्ल मातीतच काम करतं. माती अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या. महाग आहे, पण अगदी थोडं लागतं.

आता ताकाबद्दल. हे लिहिताना घरात वाद झाला. आईच्या अंगणातल्या झाडाला आंबट ताक घालत आणि ते कौलापर्यंत गेलं होतं, हे खरं. ताक सौम्य आम्ल असतं, त्यात थोडं नत्रही असतं. पण ते नत्र झाडापर्यंत पोचायला आधी मातीतल्या जिवाणूंनी ते पचवावं लागतं, आणि त्यांना ऊब लागते. जमिनीत लावलेल्या झाडाखाली, तीस अंश सेल्सियसमध्ये, ते आपोआप होतं. जानेवारीत दिवाणखान्यातल्या कुंडीत मात्र वास येतो आणि बारीक काळ्या चिलटांची पैदास होते. आमची तडजोड अशी की जून ते ऑगस्ट, झाड बाहेर असताना, पंधरा दिवसांतून एकदा, एकाला दहा पट पाणी मिसळून. हिवाळ्यात ताक आपणच प्यावं.

कीड

फर्नेस सुरू झाली की हवा कोरडी होते आणि लाल कोळी येतात. पानांवर बारीक फिकट ठिपके, क्वचित जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालू लागले की समजावं. झाड बाथटबमध्ये नेऊन पानांच्या खालून शॉवर मारणं, आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे, हा उपाय पुरतो. पानं चिकट लागत असतील तर खोडावर तपकिरी फोडांसारखी खवले कीड किंवा कापसासारखे पिठ्या ढेकूण शोधा. रबिंग अल्कोहोलचा बोळा फिरवून काढता येतात. गुलाबासाठी मिळणारी, मुळांतून शोषली जाऊन सगळ्या झाडात पसरणारी औषधं मात्र कढीपत्त्याला कधीही घालू नका. ही पानं आपण खातो.

छाटणीबद्दल थोडक्यात. एकच उंच काठी वाढत असेल तर एप्रिल-मेमध्ये शेंडा खुडा, बाजूच्या डोळ्यांतून फांद्या येतील. लहान रोपाला कळ्या आल्या तर काढून टाका. पानं तोडताना सुटी पानं ओरबाडू नका, देठासकट काडी तोडा, आणि एका वेळी झाडाच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको.

मे महिन्यात रात्रीचं तापमान ५० च्या वर टिकू लागलं की झाड बाहेर न्यायचं, पण पहिला आठवडा-दहा दिवस सावलीत. थेट उन्हात नेलं तर घरातली नाजूक पानं पांढरी पडून भाजतात. सप्टेंबरअखेर आत.

नवं रोप आणणार असाल तर

एवढं सगळं करून कंटाळलेला माणूस शेवटी म्हणतो, जाऊ दे, नवंच आणू. कुणी भारतातून येताना बॅगेत पिशवी घालतं, कुणी फ्लोरिडाच्या मावशीकडून गाडीत टाकून आणतं. आमच्याही मनात आलं होतं. तेव्हा लिंबाचं नातं आठवा.

सिट्रस सायला नावाचा तीन-चार मिलिमीटरचा तपकिरी किडा आहे. पानावर बसतो तो डोकं खाली आणि शेपूट वर, ४५ अंशांच्या कोनात. अंडी घालायला त्याला लिंबूवर्गीय झाडांचे कोवळे कोंब लागतात आणि कढीपत्त्याचे कोंब त्याला फार आवडतात. त्याची पिवळसर पिल्लं रस शोषतात, मेणासारखे पांढरे धागे सोडतात, आणि कोंब वाकडे होऊन खुंटतात. आपल्याकडे नागपूरच्या संत्रा बागायतदारांना हा किडा चांगलाच ठाऊक आहे. कढीपत्त्याचं त्यात मोठं नुकसान नाही. पण हाच किडा 'ग्रीनिंग' नावाच्या जिवाणूजन्य रोगाचा वाहक आहे, आणि संत्रं-लिंबाला एकदा हा रोग जडला की त्यावर इलाज नाही. फळं लहान, वेडीवाकडी, कडवट होतात आणि काही वर्षांत झाड मरतं.

फ्लोरिडात हा किडा १९९८ मध्ये सापडला आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये निघाल्या सुमारे १ कोटी ५८ लाख. चक्रीवादळांचा त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात किडा २००८ मध्ये आला आणि रोगाचं पहिलं झाड २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या हॅसिएन्डा हाइट्समध्ये सापडलं, तेही एका घराच्या परसात. २००९ मध्ये फ्रेझ्नोत भारतातून आलेलं एक पार्सल वास घेणाऱ्या कुत्र्यानं पकडलं. आत कढीपत्ता होता, त्यावर जिवंत सायला होते, आणि तपासणीत त्यांच्यात रोगाचा जिवाणू निघाला. पाठवणाऱ्याच्या मनात फोडणीपलीकडे काहीच नसणार.

म्हणून भारतातून कढीपत्त्याचं रोप, फांदी किंवा ताजी पानं आणायला बंदी आहे. बी आणायचं असेल तरी आधी नियम पाहावा आणि विमानतळावर डिक्लेअर करावं. देशांतर्गतही क्वारंटाइन आहे. संपूर्ण फ्लोरिडा, हवाई, आणि कॅलिफोर्निया-टेक्सासचे मोठे भाग त्यात येतात. तिथून कुंडी गाडीत घालून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, अगदी घर बदलताना सुद्धा. हद्दी बदलत असतात, त्यामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा. रोप घ्यायचं तर तुमच्या राज्यात पाठवायची परवानगी असलेल्या सर्टिफाइड नर्सरीकडूनच. क्वारंटाइनच्या भागात राहत असाल तर नव्या कोंबांची दर महिन्याला भिंगातून तपासणी करा, आणि कोनात बसलेला किडा दिसला तर राज्याच्या कृषी खात्याला कळवा. ते तपासायला येतात, दंड करायला नाही.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे जवळच राहणाऱ्या कुणाच्या तरी मोठ्या झाडाला मुळांतून फुटलेलं पिल्लू मागणं. जूनमध्ये त्याच्या बुडाशी स्वतःची मुळं आहेत ना ते पाहून सुरीनं वेगळं करायचं, चार इंचांच्या कुंडीत लावायचं आणि दोन आठवडे सावलीत ठेवायचं. आमच्या दुसऱ्या झाडाला यंदा तीन पिल्लं आहेत. एक आम्ही ठेवणार, दोन द्यायची आहेत. न्यू जर्सीतच राहणाऱ्या कुणाला हवी असतील तर पुढच्या कार्यक्रमात भेटा, कुंडी तुमची आणा.